सांध्यावर अडणारी रेलबस: रूळ पुसून थकलेल्यांसाठी

तक्रार सगळ्यांची एकच. मॉडेल रेल्वेतली चार चाकांची छोटी रेलबस सरळ रुळावर बरी चालते, सांध्यावर, म्हणजे जिथे एका मार्गाचे दोन होतात तिथे, आली की उभी राहते. बोटाने टिचकी मारली की पुढे सरकते. रूळ पुसले की दोन-चार दिवस सुरळीत, मग पुन्हा तेच. मग कोणी कंट्रोलर बदलतो, कोणी मोटर बदलतो, कोणी रूळच उखडून नवे टाकतो. आणि त्याच मांडणीवर आठ चाकांचं डिझेल इंजिन मात्र कुठेही न अडता फिरत असतं.

निदान या शेवटच्या गोष्टीतच आहे. रूळ खराब असते, तर इंजिनही अडलं असतं. वीज कमी पडत असती, तर इंजिन आधी अडलं असतं, कारण त्याला जास्त लागते. म्हणजे रेलबसच्या अंगात काहीतरी असं आहे जे इंजिनाच्या अंगात नाही. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा तिची चारही चाकं एकाच वेळी रुळावर टेकलेलीच नसतात, आणि मोटरला वीज रुळातून चाकांमार्फतच मिळते. मळ, उष्णता, कापसाची रुई, व्होल्टेज हे सगळं त्यावर येऊन बसतं. मूळ दुखणं तसंच ठेवून मळ काढत राहिलात, तर आयुष्यभर मळच काढत राहाल.

खऱ्या रेलबसचंही दुखणं हेच

मॉडेलवाल्यांना हे ऐकून बरं वाटेल, म्हणून थोडं विषयांतर करतो.

रेलबस म्हणजे मुळात रस्त्यावरची बस किंवा लॉरी, रबरी चाकं काढून लोखंडी घातलेली. खेड्यापाड्यांतल्या हलक्या रेल्वेमार्गांवर उतारू मोजके, आणि त्यांच्यासाठी वाफेचं इंजिन पेटवायचं म्हणजे गाडी सुटायच्या कितीतरी आधीपासून माणूस आणि कोळसा दोन्ही खर्ची. त्यावरचा हा स्वस्तातला तोडगा. इंग्लंडमध्ये असे हलके मार्ग चालवणारे कर्नल स्टीफन्स यांनी केंट अँड ईस्ट ससेक्स मार्गावर १९२३ साली फोर्डची जोडगाडी आणली, दोन बस पाठीला पाठ लावून. एका बसला शेवटच्या ठाण्यावर वळवायचं कुठे, म्हणून ही युक्ती: जाताना एकीने ओढायचं, येताना दुसरीने. अमेरिकेत कोलोराडोच्या रिओ ग्रांदे सदर्न या ३ फुटी मार्गाने १९३१ पासून मोठ्या मोटारींच्या सांगाड्यांवर रेलगाड्या बांधल्या. टपालाचं कंत्राट टिकवायचं होतं आणि वाफ परवडत नव्हती. त्या डुलत जायच्या म्हणून त्यांना ‘गॅलपिंग गूज’ नाव पडलं. जर्मनीतल्या विस्मार कारखान्याने वळवण्याची कटकटच संपवली, दोन्ही टोकांना एकेक फोर्ड इंजिन बसवलं. आयर्लंडच्या काउंटी डोनेगल मार्गाने तर प्रवासी वाहतुकीचा मोठा भाग रेलकारवरच टाकला आणि १९५९ अखेर मार्ग बंद होईपर्यंत तसाच चालवला.

आता यातलं काम कसं सुधारत गेलं ते पाहा. चार चाकांच्या ताठ सांगाड्याच्या गाड्या खिळखिळ्या रुळांवर आदळत, उतारूंची हाडं मोकळी करत. गॅलपिंग गूजला पुढे चार चाकांची स्वतंत्र हलणारी चौकट (बोगी) होती. डोनेगलच्या वॉकर कंपनीच्या रेलकार मधोमध सांधलेल्या, इंजिनाचा भाग वेगळा हलणारा आणि डबा वेगळा. म्हणजे बांधणाऱ्यांनी ताठ चौकट सोडून गाडीला रुळाबरोबर वाकायला शिकवलं.

विजेचा प्रश्नही त्यांना चुकला नव्हता. सिग्नलच्या ट्रॅक सर्किटमध्ये एका रुळातून दुसऱ्या रुळात चाका-ॲक्सलमधून वीज जाते, तेव्हा केबिनला कळतं की इथे गाडी उभी आहे. गाडी हलकी आणि चाकं थोडी असली की हा संपर्क कच्चा होतो. फ्रान्समध्ये मिशेलिनने रुळावर हवेचे रबरी टायर चालवले, पण रबरातून वीज जाणार कशी? आयर्लंडच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने १९३० च्या दशकात रबरी टायरच्या बाहेरून पोलादी धाव चढवलेलं चाक आपल्या रेलबसना बसवलं. आत रबर धक्के खाणार, बाहेर लोखंड रुळाला भिडणार. आपल्या टेबलावर जे चाललंय, ते याच जातीचं आहे.

माप एकदा पक्कं करा

आपल्याकडे विदर्भातल्या मूर्तिजापूरहून अचलपूर (७६ किमी) आणि यवतमाळ (११३ किमी) अशा दोन्ही बाजूंना पूर्वी जाणारी शकुंतला, पुलगाव-आर्वी, आणि रेलमोटरमुळे प्रसिद्ध असलेली कालका-शिमला, सगळ्यांचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. १:८७ प्रमाणात तो ८.७६ मिलिमीटर येतो. म्हणून एन गेजचा ९ मिलिमीटरचा तयार रूळ आपल्याला जवळपास नेमका बसतो. तोच रूळ १:७६ च्या इमारतींबरोबर वापरला तर गेज सुमारे ६८४ मिलिमीटरचा होतो. डोळ्याला चालून जातं, पण शकुंतलेचे डबे थोडे उंटासारखे दिसतात. ज्यांचे हात जाड किंवा डोळे थकलेले आहेत त्यांनी १:४८ आणि १६.५ मिलिमीटरचा रूळ घ्यावा. निम्म्या अडचणी तिथेच मिटतात, कारण गाडी वजनदार होते. खाली मी ९ मिलिमीटरचंच धरून लिहितोय, कारण रडारड तिथेच जास्त.

(शकुंतलेला आधी मँचेस्टरचं १९२१ चं झेडडी वाफेचं इंजिन आणि १९९४ पासून डिझेल. माझ्या मांडणीवर अंजनगावच्या फलाटाला रेलबस लागते, ही माझी मोकळीक. जाणकारांनी पत्र पाठवू नये.)

अडते कुठे, ते आधी लिहून काढा

पाना-पेचकस उचलण्याआधी रेलबस सर्वांत मंद चालीवर सोडा आणि खडूने खुणा करत जा. नेहमी त्याच जागी थांबत असेल, तर तिथला रूळ आणि गाडी दोघांचं भांडण आहे. कुठेही थांबत असेल, तर दोष गाडीतच. जाताना ठीक आणि येताना अडखळत असेल, तर मोटरच्या दांड्यावरचा वर्म (गिअर फिरवणारा पेचासारखा तुकडा) मागेपुढे सरकतोय का ते पाहा. एका दिशेने तो गिअरवर दाबला जातो, दुसऱ्या दिशेने सुटतो. दांड्यावर पातळ वॉशर टाकून हा ढिलेपणा काढता येतो. सुरुवातीला छान आणि थोड्या वेळाने मंद होत असेल, तर ॲक्सलला काहीतरी गुंडाळलंय, त्याकडे पुढे येऊ. आणि फक्त संध्याकाळी अडत असेल, तर गाडीला हात लावू नका, तेही पुढे आहे.

गाडी की रूळ हे ठरवायला एक छोटी युक्ती आहे. जुन्या डब्याला धातूची चाकं आणि चार पिकअप (चाकातून वीज उचलणाऱ्या पत्त्या) लावा, आत एलईडी आणि रेझिस्टर बसवा, वर थोडं वजन ठेवा. रुळात वीज सोडून हा डबा हाताने ढकलत न्या. दिवा जिथे मिचकावतो, तिथे रुळात काहीतरी आहे. एलईडी एकाच दिशेने लागतो, म्हणून दोन उलटसुलट जोडून ठेवा. रेलबस स्वतः ढकलून ही परीक्षा घेता येत नाही, कारण वर्म गिअरमुळे तिची चाकं हाताने फिरत नाहीत, नुसती घसटतात.

चार चाकं, पण टेकलेली तीन

आता मुख्य गोष्ट.

शेणाने सारवलेल्या अंगणात बाज टाकली की तिचा एक खूर नेहमी अधांतरी असतो. बसलं की या बाजूला कलते, कूस बदलली की त्या बाजूला. ताठ चौकटीच्या चारचाकी गाडीचं हेच होतं. रूळ अगदी सपाट असेल तरच चारही चाकं टेकतात, आणि आपल्या हातचा रूळ कधीच सपाट नसतो. सांध्यावर तर नाहीच.

याचा विजेशी संबंध असा. डाव्या रुळावर दोन चाकं, उजव्या रुळावर दोन. बाजारातल्या पुष्कळ सांध्यांचा फ्रॉग, म्हणजे जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो टोकदार तुकडा, प्लास्टिकचा असतो आणि त्यात वीज नसते. रेलबसचं पुढचं डावं चाक त्यावर आलं की डावीकडची सगळी जबाबदारी मागच्या एका चाकावर. नेमकं तेच अधांतरी असेल, अगदी केसाइतकं, तरी सर्किट तुटलं. इंजिनाला डाव्या बाजूला चार चाकं असतात, एक मेलं आणि एक लटकलं तरी दोन उरतात. हिच्याकडे उरतं शून्य.

तपासायची रीत सोपी आहे. आरशाचा सपाट तुकडा घ्या, त्यावर गाडी ठेवा. पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी एकेका चाकाखाली सारून हळूच ओढा. चारही ठिकाणी कागद सारख्याच जोराने अडला पाहिजे. एखाद्या चाकाखालून तो सहज सरकत असेल, तर गुन्हेगार सापडला. मग गाडी उलटी करून मल्टिमीटरचं एक टोक मोटरच्या टोकाला आणि दुसरं त्या-त्या बाजूच्या चाकाला लावा. ओढणारी चाकं मोटर फिरवून आणि मोकळी चाकं बोटाने फिरवून पाहा. पूर्ण फेरीत मीटरचा आवाज तुटता कामा नये. तुटत असेल, तर पिकअपची पत्ती चाकाला मध्येच सोडतेय. पुष्कळदा चाक ॲक्सलवर थोडं डुगडुगत असतं.

उपाय म्हणजे एका ॲक्सलला डोलू द्यायचं. मोटर ज्या ॲक्सलला जोडली आहे तो घट्ट ठेवा. दुसरा ॲक्सल पितळी नळीत घाला, तो आत मोकळा फिरला पाहिजे पण खुळखुळता कामा नये. ही नळी चेसिसला दोन्ही टोकांना न चिकटवता मधोमध एका खिळीवर टेकवा. खिळी गाडीच्या लांबीच्या दिशेने असावी, म्हणजे नळीचं डावं टोक वर गेलं की उजवं खाली येईल. दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर हालचाल पुरे. जास्त ठेवलीत तर गाडी वळणावर झुकते आणि बॉडी चाकांना घासते. आता गाडी तीन ठिकाणी तोललेली आहे: घट्ट ॲक्सलची दोन चाकं आणि मधली खिळी. तीन बिंदूंवर टेकलेली वस्तू कुठल्याही पृष्ठभागावर बसते, आणि डोलणारा ॲक्सल आपली दोन्ही चाकं आपोआप रुळावर आणून सोडतो.

तयार जपानी चेसिस वापरत असाल तर हे काम नाजूक आहे, कारण त्यात ॲक्सलच्या खाचा साच्यातच आलेल्या असतात. मोटर नसलेल्या बाजूची खाच बारीक कानसीने वरच्या दिशेने थोडी लांब करा आणि ॲक्सलच्या मधोमध वरून एक पातळ पट्टी टेकवा. अगदी शास्त्रशुद्ध नाही, पण फरक लगेच जाणवतो. ज्या ॲक्सलच्या चाकांना पकडीसाठी रबरी कडी असते तीही काढून टाका, किंवा बिनकडीचं चाक बसवा. रबराने पकड वाढते पण वीज तुटते, मिशेलिनचीच गोष्ट. डोंगर चढायचा नसेल तर त्या पकडीची गरज नाही, आणि दर्यापूर-अंजनगावच्या सपाटीवर कसला डोंगर!

चाकांमधलं अंतरही याच वेळी मोजा. ९ मिलिमीटरच्या रुळासाठी दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर साधारण ७.४ ते ७.५ मिलिमीटर असावं आणि दोन्ही ॲक्सलवर सारखं असावं. अंतर कमी-जास्त असेल तर चाक फ्रॉगपाशी उचललं जातं, आणि आपण पुन्हा विजेला दोष देतो.

दर मे महिन्यात तेच का

“हिवाळ्यात चालत होती, आता काहून अडते भाऊ?” हा प्रश्न दरवर्षी एप्रिलनंतर येतो. याला दोन उत्तरं आहेत.

पहिलं चेसिसचं. हल्ली बरेच जण चेसिस थ्री-डी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये छापून घेतात. पीएलए साधारण ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं. बाहेर ४५-४६ अंश असताना टिनाच्या छपराखालच्या कपाटात, किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत, तेवढं तापमान सहज होतं. चेसिस वितळत नाही, फक्त किंचित पिळवटते. डोळ्याला दिसत नाही, आरशावर कागदाची पट्टी लावली की कळतं. म्हणजे हिवाळ्यात टेकलेली चार चाकं उन्हाळ्यात तीन होतात आणि तुम्ही रूळ पुसत बसता. बॉडी पीएलएची चालेल, पण चेसिस नको. पीईटीजी सुमारे ८० अंशांपर्यंत टिकतं, एबीएस १०० च्या आसपास. मला सगळ्यांत आवडतं ते टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचं तांब्याचा थर असलेलं सर्किट बोर्ड. कापता येतं, ताठ राहतं, आणि तांब्यावर मधोमध एक चर मारली की डावी-उजवी वीज वेगळी. चेसिस आणि वायरिंग एकाच तुकड्यात.

दुसरं उत्तर रुळाचं. तीन मीटर लांबीचा निकेल सिल्व्हरचा रूळ तीस-पस्तीस अंशांच्या फरकाने दीड-पावणेदोन मिलिमीटर लांब होतो. जानेवारीच्या थंडीत जोडण्या घट्ट भिडवून टाकलेला रूळ मेमध्ये कुठेतरी कमान टाकतो, आणि त्या कमानीवर चार चाकं टेकणं शक्यच नाही. उलट, उन्हाळ्यात टाकलेल्या रुळाच्या फटी थंडीत उघडतात आणि जोडणी सैल होते. जोडण्यांच्या क्लिपवर विजेसाठी भरवसा ठेवू नका. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर डाखा आणि जोडण्यांत थोडी फट सोडा. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं.

फ्रॉगला वीज द्या

ज्यांच्या सांध्यात फ्रॉग धातूचा आहे आणि त्याला वेगळी वायर लावता येते, त्यांनी ती लावावी. सांध्याची पाती ज्या रुळाला टेकलेली, त्या रुळाची वीज फ्रॉगला मिळाली पाहिजे. उलट मिळाली तर शॉर्ट. त्यासाठी सांधा ओढणाऱ्या काडीलाच तीन तारांचा छोटा सरकता स्विच जोडा: मधली तार फ्रॉगला, कडेच्या दोन दोन रुळांना. काडी सरकली की स्विच सरकतो, विसरायचा प्रश्न नाही.

प्लास्टिकचा फ्रॉग असेल तर सांधा बदलायची घाई करू नका. डोलणारा ॲक्सल नीट झाला असेल, तर चाळीस मिलिमीटर चाकतळाची (दोन ॲक्सलमधलं अंतर) रेलबस बहुतेक प्लास्टिक फ्रॉग ओलांडते. मात्र सांध्याच्या टोकदार पात्या मुख्य रुळाला नुसत्या टेकून वीज घेत असतील, तर ते टेकणं कधीतरी दगा देतंच. तिथे पातीला वेगळी वायर देणं चांगलं.

रुई, धूळ आणि कूलर

आता मळाकडे. चाक रुळावरून क्षणभर सुटतं तेव्हा बारीक ठिणगी पडते. त्या ठिणगीने रुळावर आणि चाकावर काळा थर धरतो, थराने संपर्क आणखी बिघडतो, आणखी ठिणग्या पडतात. म्हणून रूळ पुसल्यावर दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी तोच काळेपणा हजर. चाकं नीट टेकायला लागली की हा काळेपणा फार सावकाश येतो. रूळ पुसायचं काम त्यानंतर उरतं, आधी नाही.

आपल्याकडच्या मळाचं वेगळेपण मात्र आहे. वेचणीच्या दिवसांत घरात कापूस भरलेला, शेजारी जिनिंग, हवेत रुई तरंगत असते. हे तंतू रुळावर पडतात, चाकाबरोबर फिरतात आणि ॲक्सलला पीळ घालून बसतात. थोड्या वेळाने गाडी जड होते, मोटर तापते, ग्रीसमध्ये रुई कालवली की गिअर चिकटतो. दर महिन्याला गाडी उलटी करून ॲक्सलवरचा पीळ टोकदार चिमट्याने काढा, आणि तेलाचा थेंब अगदी सुईच्या टोकावर मावेल एवढाच टाका. जास्त तेल म्हणजे रुईला आवतण. रूळ कापसाच्या बोळ्याने पुसू नका, हे सांगायला लागू नये, पण सांगतो: बोळा स्वतःच तंतू सोडतो. चष्मा पुसायच्या मायक्रोफायबरवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. सॅंडपेपर तर अजिबात नको. त्याने पडलेल्या ओरखड्यांत पुढचा मळ घर करतो.

उन्हाळ्यातल्या काळ्या मातीच्या धुळीला कूलरची साथ मिळते. कूलरचा झोत सरळ मांडणीवर येत असेल तर ओलसर हवेने धूळ रुळाला चिकटते, लोखंडी रूळ आणि ॲक्सल गंजतात. पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात तर कूलरच्या पाण्यातलं मीठ त्याच्या ताट्यांवर पांढरं साचलेलं दिसतंच, त्याचे बारीक शिंतोडे टेबलावर येऊ देऊ नका. कूलरचं तोंड फिरवा, काम झालं की मांडणीवर जुनी चादर टाका. सुती नको, पॉलिस्टरची.

पिकअपच्या पत्त्यांविषयी थोडं. जुन्या रिलेमधली फॉस्फर ब्राँझची पातळ पत्ती उत्तम. तिला स्प्रिंगसारखी लवचिकता असते आणि ती थकत नाही. चाकाच्या पाठीला हलकेच टेकली पाहिजे. इथे बरेच जण जोर वाढवतात आणि हलक्या रेलबसला स्वतःच ब्रेक लावून ठेवतात. मोकळ्या ॲक्सलचं चाक फुंकरीने फिरत नसेल तर पत्तीचा जोर जास्त आहे.

वजन, पण कुठे

रेलबस हलकी असते म्हणून वजन घाला, हा सल्ला सगळेच देतात. बरोबर आहे, पण डोलणारा ॲक्सल नसताना वजन घालणं म्हणजे टेकलेल्या तीन चाकांना आणखी दाबणं. चौथं तिथेच लटकत राहतं. आधी तोल, मग वजन. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगचे चिकट तुकडे मिळतात, पाच-पाच ग्रॅमचे, ते कामाला येतात. ते खाली, दोन ॲक्सलच्या मध्ये लावा, ओढणाऱ्या ॲक्सलकडे किंचित झुकते. सगळं वजन त्याच ॲक्सलवर टाकलंत तर दुसऱ्याची चाकं हलकी होऊन वीज उचलणं सोडतात. शिशाचा तुकडा असेल तर हात धुवा आणि पोट्ट्यांपासून लांब ठेवा.

संध्याकाळचं अडणं

गावात पंप सुरू झाले की लाईन खाली येते. साधा ट्रान्सफॉर्मरवाला कंट्रोलर असेल, तर २३० चे १८० व्होल्ट झाल्यावर बाराचे साडेनवच्या खाली जातात. मंद चालीवर रेलबसला मिळणारी वीज आधीच काठावर असते, ती आता पुरत नाही. त्याला १०० ते २४० व्होल्टवर चालणारा बारा व्होल्टचा एसएमपीएस अडॅप्टर हाच उपाय. तो खालच्या लाईनवरही बारा व्होल्ट देतो. लाईन गेल्यावर इन्व्हर्टरवर खेळणाऱ्यांनीही हेच करावं. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लहर जुन्या ट्रान्सफॉर्मरला सोसत नाही, तो घूं-घूं करत तापतो.

जोडगाडी, म्हणजे माझा आवडता इलाज

इतकी उठाठेव नको असेल, किंवा जुन्या गाडीची चेसिस कापायला जीव होत नसेल, तर कर्नल स्टीफन्स यांच्याकडे जा. दोन रेलबस पाठीला पाठ लावा, किंवा एका रेलबसमागे कायमचा छोटा डबा जोडा. मोटर एकातच असू दे. दुसऱ्याच्या चारही चाकांना पिकअप लावा आणि दोन बारीक, मऊ तारांनी वीज पहिलीत न्या. वीज उचलायला आठ चाकं झाली. एक गाडी फ्रॉगवर असताना दुसरी नक्की धातूवर असते. आणि हे खरेपणाला सोडूनही नाही: इंग्लंडमध्ये जोड्याच धावत होत्या, आणि डोनेगलची रेलकार मागे डबे ओढत असे. आपल्या मांडणीवर मागच्या डब्यात सरकीची पोती आणि टपाल ठेवा, कोणी विचारणार नाही. तारा मात्र सुटसुटीत हव्यात, ताठ तार वळणावर मागच्या डब्याला रुळावरून उचलते. स्पीकर किंवा जुन्या इअरफोनच्या आतली पातळ तार चांगली.

कपॅसिटर शेवटी

डीसीसी, म्हणजे रुळातून गाडीला डिजिटल आज्ञा देण्याची पद्धत, वापरणाऱ्यांसाठी कीप-अलाइव्ह कपॅसिटर हा चटकन सुचणारा उपाय आहे, आणि चांगला चालतो. त्या आज्ञा वाचणाऱ्या गाडीतल्या डिकोडरच्या आत वीज एकाच दिशेची होते, तिथे कपॅसिटर भरून राहतो आणि अडखळ्यापुरती साथ देतो. साध्या डीसीवर हे जमत नाही, कारण उलट दिशेला जायला तुम्ही ध्रुव बदलता, आणि साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलट वीज सोसत नाही, फुगतो. डीसीवर जागा असेल तर मोटरच्या दांड्यावर फ्लायव्हील, म्हणजे वीज तुटली तरी क्षणभर फिरत राहणारं जड चाक, बसवा. रेलबसमध्ये तेवढी जागा सहसा नसते.

तरीही मी कपॅसिटर शेवटी ठेवतो. तो आधी लावलात तर गाडी चालते, पण चौथं चाक लटकलेलंच राहतं, ठिणग्या पडतच राहतात, रूळ काळे होतच राहतात. काही महिन्यांनी कपॅसिटरलाही भरायला वेळ मिळेनासा होतो.

हे सगळं करूनही गाडी अडत असेल तर मदत मागताना एवढं लिहा: गेज आणि प्रमाण काय, चाकतळ किती मिलिमीटर, चेसिस कशाची, डीसी की डीसीसी, सांध्याचा फ्रॉग प्लास्टिकचा की धातूचा, दोन्ही दिशांना अडते की एकाच, आणि आरशावरच्या कागदाच्या परीक्षेत कोणतं चाक सुटतं. फोटो पाठवाल तर गाडी उलटी ठेवून पाठवा. वरून काढलेल्या सुंदर फोटोतून मला फक्त तुमचा रंग कळतो.